पिकअप गाडीवर घरच्या घरी जादा साधने बसविणे

कर्जत व खालापूर हे रायगड जिल्ह्याचे आतील बाजूचे, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले तालुके होत. खरिपात भात हे येथील मुख्य पीक. भात निघाल्यावर जमिनीतील ओलीवर वाल पेरण्याची चाल जुनी आहे. आणि जेथे पाण्याची सोय आहे, तेथे काकडी, भेंडी, दुधी, कलिंगड यांची लागवड होते. भिवपुरी येथील वीजगृहातून बाहेर पडणारे पाणी राजनाल्याच्या कालव्याने कर्जत तालुक्यातील पुष्कळ शेतांस मिळत असल्याने उन्हाळ्यातही तेथे हिरवे शिवार दिसते. हा माल एके काळी बैलगाडीने स्टेशनापर्यंत व तेथून पुढे रेल्वेने जात असे. आज त्याचा मोठा भाग शेतकऱ्याच्या स्वतःच्या अथवा शेजाऱ्याच्या पिकअपमधून रातोरात वाशीच्या बाजारात जातो. २००५ साली टाटांची 'एस' ही लहान मालगाडी निघाली व तिला 'छोटा हत्ती' हे नाव पडले. तेव्हापासून, आणि महिंद्रांच्या पिकअप गावोगावी आल्यापासून, चारचाकी मालवाहन हे शेतीच्या औजारांपैकीच एक होऊन बसले आहे.

बैलगाडी घरी आली की शेतकरी तिला आपल्या गरजेप्रमाणे ताट्या बांधी, दांड्या लावी, आणि त्याबद्दल त्याला कोणास विचारावे लागत नसे. तीच सवय पिकअपच्या बाबतीतही चालू राहिली आहे. नवी गाडी दारात आली की आठवड्याच्या आत तिला लोखंडी कठडा, पुढे दणकट पाइपाचे कुंपण, टपावर दिव्यांची रांग, मागे दोन जादा पाटे व मोठा भोंगा बसविण्याचा विचार सुरू होतो. यांपैकी काही साधने खरोखर उपयोगाची आहेत, व ती घरी बसविता येतात. काही निरुपयोगी आहेत, आणि काही तर गाडीच्या मालकास संकटात टाकणारी आहेत. कोणते साधन कोणत्या वर्गात मोडते हे ओळखण्यास तीन प्रश्न पुरेत. या साधनाचे वजन किती? ते बसविण्यासाठी गाडीचा सांगाडा कापावा, जोडावा अथवा वाढवावा लागतो काय? आणि त्यासाठी गाडीच्या मूळ तारांस हात लावावा लागतो काय?

वजनाचा हिशेब

प्रत्येक गाडीच्या नोंदणीपत्रावर दोन आकडे असतात : रिकाम्या गाडीचे वजन व भरलेल्या गाडीचे कमाल वजन. या दोहोंतील फरक म्हणजे गाडीची भार वाहण्याची मर्यादा होय. चालक व सोबतची माणसे यांचे वजनही त्यातूनच जाते, आणि आपण बसविलेले प्रत्येक साधनही त्यातूनच जाते. ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, कारण साधन एकदाच बसविले जाते व त्याचे वजन मात्र दर खेपेस वाहावे लागते.

उदाहरण घेऊ. ४० मिलिमीटर बाजूची व ५ मिलिमीटर जाडीची लोखंडी अँगलपट्टी मीटरमागे सुमारे ३ किलो भरते. हौद्याच्या तीन बाजूंनी तीन आडव्या पट्ट्या व उभे खांब असा कठडा करावयाचा तर सहज २५ मीटर पट्टी लागते. म्हणजे ७५ किलो झाले. काकडीचा एक क्रेट २० किलोंचा धरला तर जवळजवळ चार क्रेट माल दर खेपेस घरी राहिला. वर्षात १५० खेपा होत असतील तर सव्वाअकरा टन लोखंड आपण वाशीला नेले व परत आणले, आणि त्याचे डिझेलही जाळले. तोच कठडा पातळ चौकोनी पाइपाचा, हौद्याच्या कडेवरील खोबणीत बसणारा व काढता येणारा केला तर त्याचे वजन निम्म्याहून कमी होते. पेंढा भरावयाचा असेल त्या दिवशी तो लावावा, इतर दिवशी पडवीत ठेवावा.

माल मर्यादेपेक्षा जास्त भरल्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे २०,००० रुपये व जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. माल हौद्याच्या बाजूंच्या बाहेर आला किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेला तरीही २०,००० रुपये दंड होतो. भाजीच्या एका खेपेत मिळणाऱ्या नफ्याशी हा आकडा ताडून पाहावा.

कायद्याने काय करता येते

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे सांगते की, उत्पादकाने ठरविलेल्या व नोंदणीपत्रात नमूद असलेल्या तपशिलाहून वाहन वेगळे होईल असा फेरबदल मालकाने करू नये. गाडीच्या रचनेत असा बदल करणे की ज्यामुळे तिचे मूळ स्वरूप बदलेल, असा फेरबदल या शब्दाचा अर्थ कायद्यातच दिलेला आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. त्यानंतर झालेल्या दुरुस्तीत अशा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली आहे. ताडपत्रीच्या कमानी, रबरी चटई, चिखल अडविणारे रबरी पडदे, परावर्तक पट्ट्या यांनी गाडीचे मूळ स्वरूप बदलत नाही. हौद्याची लांबी वाढविणे, सांगाड्याची पट्टी कापणे, बाजू कायमच्या उंच करणे यांनी ते बदलते.

गाडीच्या पुढे लावावयाच्या लोखंडी कुंपणाविषयी वेगळे सांगितले पाहिजे, कारण त्याची हौस फार आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने ही कुंपणे काढविण्याविषयी सर्व राज्यांस कळविले. त्याचे कारण असे : टक्कर झाली असता गाडीचा पुढचा पत्रा चेपून धक्का शोषून घेतो. कुंपण असले म्हणजे तो धक्का न शोषला जाता सरळ सांगाड्यास व आत बसलेल्यांस पोहोचतो. आणि समोर पादचारी असेल तर त्याची गत विचारावयास नको. रस्त्यावरील गुरांचा धक्का लागून पत्रा चेपू नये म्हणून ते लावतात हे खरे, परंतु पत्रा बदलता येतो.

ताडपत्री व तिच्या कमानी

या दोन तालुक्यांत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. भात, खत, पेंड, बियाणे असा कोणताही माल चार महिने झाकल्यावाचून नेता येत नाही. म्हणून घरी बसविण्याच्या साधनांत पहिला मान ताडपत्रीचा आहे, आणि नेमके येथेच काम सर्वांत निष्काळजीपणे केलेले आढळते. ताडपत्री मालावर नुसती टाकून चार दोर आवळले की काम झाले असे मानतात. मध्यभागी खोलगा पडतो व त्यात पाणी साचते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद व १० सेंटिमीटर खोल अशा डबक्यात १०० लिटर, म्हणजे १०० किलो पाणी मावते. वळणावर हे पाणी एका बाजूस धावते व उंच भरलेली गाडी कलंडविण्यास साहाय्य करते. किंवा ताडपत्री फाटून सारे पाणी बियाण्याच्या पोत्यांवर पडते.

यासाठी हौद्याच्या कडेवरील खोबणींत बसतील अशा तीन किंवा चार कमानी पाइपाच्या करून घ्याव्यात. पाइप वाकविण्याचे काम फॅब्रिकेशनच्या दुकानात करावे. बसविणे घरी होते. मधली कमान पुढच्या-मागच्यांपेक्षा हातभर नसली तरी चार बोटे उंच असावी, म्हणजे पाणी दोहींकडे वाहून जाईल. कमानींच्या माथ्यावरून एक लांब पट्टी अथवा जाड दोर पुढून मागे ताणून बांधावा. केंबळी छपराला जसा आढा, तसाच हा समजावा. खोबणीत कमानीचा पाय सैल राहत असेल तर लाकडाची पाचर न मारता खालून आडवा बोल्ट घालावा, कारण लाकूड फुगते व पुढे खोबणीचा पत्रा फाडते.

ताडपत्री दोन तुकड्यांत असल्यास आधी मागचा तुकडा घालावा व पुढच्या तुकड्याची कड त्यावर यावी. कौले घालताना जो नियम, तोच येथे, फक्त पाण्याऐवजी वारा धरावा. कडा उलट आल्या तर द्रुतगती मार्गावर वारा आत शिरून ताडपत्री शिडासारखी फुगते. खालापूरच्या पुढे अशी सुटलेली ताडपत्री मागच्या गाडीच्या काचेवर जाऊन बसली तर काय होईल, याची कल्पना प्रत्येकाने करावी.

दोर अडकविण्यासाठी जादा कड्या बसवावयाच्या झाल्यास त्या हौद्याच्या बाजूच्या पातळ पत्र्यात बसवू नयेत. कडेच्या खालची जी जाड पट्टी असते तिच्यात आरपार बोल्ट घालून, आतील बाजूस रुंद वायसर किंवा पट्टीचा तुकडा ठेवून, त्या घट्ट कराव्यात. पातळ पत्र्यातील कडी दोन महिन्यांत भोक मोठे करते व एखाद्या रात्री भोकासकट निघून येते. एवढे करूनही ताडपत्रीचा दोर म्हणजे माल आवळण्याचा दोर नव्हे, हे विसरू नये. क्रेट हौद्याच्या पुढच्या भिंतीस अगदी टेकवून, मध्ये फट न ठेवता रचावेत व त्यांवरून खटक्याचा नायलॉन पट्टा वेगळा आवळावा. मोठ्या वाहनांसाठी युरोपात जो नियम आहे त्यात पुढच्या बाजूस मालाच्या वजनाच्या दशांश आठ व बाजूंस निम्मा जोर पेलेल इतकी बांधणी अपेक्षित असते. हजार किलो माल असेल तर जोराचा ब्रेक लागताच आठशे किलोंचा रेटा पुढे येतो, असा त्याचा साधा अर्थ.

पालेभाजी व काकडी नेताना ताडपत्री मागील बाजूस पूर्ण बंद करू नये. फाळक्याच्या वर वीतभर फट ठेवावी, नाही तर मालाची वाफ आतच कोंडून भाजी वाशीला पोहोचेपर्यंत कोमेजते.

भोक पाडणे, गंज व रबरी चटई

भोक पाडण्याचे काम सोपे दिसते म्हणून ते घाईने होते. प्रथम गाडीखाली जाऊन त्या जागेच्या मागे काय आहे ते पाहावे. ब्रेकची नळी, इंधनाची नळी व तारांचा जुडगा हे बहुधा सांगाड्याच्या कडेनेच गेलेले असतात. सांगाड्याच्या मुख्य लांब पट्ट्यांत भोक पाडू नये. तेथे भाराचा ताण असतो व भोकापासून तडा जातो. बाकी ठिकाणी पोगराने खूण करून आधी बारीक व मग हव्या त्या मापाचे भोक पाडावे, कडा कानशीने साफ कराव्यात, आणि उघड्या पडलेल्या लोखंडास त्याच वेळी रेड ऑक्साइडचा हात देऊन वर रंग द्यावा. हे काम दुसऱ्या दिवसावर टाकू नये. पावसाळ्यात आपल्याकडे एका रात्रीत भोकाच्या कडेस तांबूस थर येतो. ड्रिलचा लोखंडी भुगाही झाडून काढावा, कारण जेथे तो पडून राहतो तेथे रंगावर गंजाचे ठिपके उमटतात. बोल्टाखाली रबरी वायसर व वर स्प्रिंग वायसर घालावा.

हौद्यात रबरी चटई चांगली. प्लायवुड नको, कारण ते पाणी धरून ठेवते. तथापि चटईखाली काय चालले आहे हे वरून दिसत नाही. युरिया, सुफला यांसारख्या खतांचे दाणे चटईखाली जाऊन भिजले की पत्रा आतल्या आत खातात. म्हणून खताची खेप झाली की चटई उचलून हौदा धुवावा, आणि हौद्यास पाणी जाण्यासाठी असलेली मूळ भोके चटईने बुजली नाहीत ना, ते पाहावे. कीटकनाशकाचा डबा सांडला असेल तर त्या चटईवर भाजी ठेवू नये. साबणाने धुतली तरी रबरात वास मुरून राहतो.

हौद्यातील दिवा

वाशीचा बाजार पहाटे भरतो, म्हणून माल रात्री भरावा लागतो. अंधारात भरताना बॅटरी तोंडात धरण्यापेक्षा हौद्यात एक दिवा असणे सोयीचे. पण गाडीला आग लागण्याचे एक मोठे कारण अशा जादा दिव्यांच्या तारा हेच असते, म्हणून हे काम नीट समजून करावे, नाही तर वाहनांच्या वायरमनकडे सोपवावे.

प्रवाहाचा हिशेब साधा आहे : वॅटचा आकडा बॅटरीच्या १२ व्होल्टांनी भागावा. १८ वॅटच्या एलईडी दिव्यास दीड अँपिअर प्रवाह लागतो. त्यास एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार व ५ अँपिअरचा फ्यूज पुरेसा होतो. ५५ वॅटचे दोन जुन्या धर्तीचे दिवे लावल्यास नऊ अँपिअरांहून अधिक प्रवाह लागतो; त्यास अडीच चौरस मिलिमीटरची तार, १५ अँपिअरचा फ्यूज व रिले हवा. रिले म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह सुरू-बंद करणारे बटण. त्यायोगे जड प्रवाह चालकापुढील नाजूक बटणातून जात नाही. हौद्यासाठी एलईडीचा दिवाच घ्यावा.

कामास लागण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी व काम संपल्यावर ती शेवटी जोडावी. याचे कारण असे की, गाडीचे सर्व अंग ऋण बाजूस जोडलेले असते. ऋण तार जोडलेली असता धन बाजूचा नट सोडविताना पाना पत्र्यास टेकला तर ठिणग्यांचा लोळ उठतो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत असावा. तो दिव्याजवळ ठेवला तर मधली सारी तार संरक्षणावाचून राहते, आणि घासून उघडी पडते ती नेमकी मधलीच तार. तार पत्र्याच्या भोकातून जाते तेथे रबरी कडे घालावे, सायलेन्सरपासून ती हातभर दूर ठेवावी, आणि वरून नळीचे आवरण द्यावे. सांधे नुसते पिळून वर चिकटपट्टी गुंडाळू नये. उन्हाने पट्टी सुटते. दाबून बसवावयाचे जोड वापरावेत. काम झाल्यावर दिवा तासभर चालू ठेवून तारेस हात लावून पाहावा. ती कोमट लागली तर तार बारीक पडली आहे किंवा सांधा सैल आहे. भाताच्या कोठीजवळ किंवा पेंढ्याच्या उडवीजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदीर तारा कुरतडतात, हेही ध्यानात ठेवावे.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांत धुराच्या नियंत्रणासाठी संगणक व अनेक संवेदक असतात. त्यांच्या तारा सोलून त्यांतून वीज घेऊ नये. अशा गाडीवर वेल्डिंग करावयाची वेळ आलीच तर आधी बॅटरीची दोन्ही टोके सोडवावीत आणि उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे संगणकाचा जोड वेगळा करावा. वेल्डिंगचा प्रवाह त्यातून गेल्यास तो जळतो व दुरुस्तीचा खर्च मोठा येतो.

हा दिवा गाडी चालू असताना बंद असावा, कारण मागे पांढरा उजेड दिसला की मागून येणाऱ्यास गाडी आपल्याकडे येत आहे असे वाटते. टपावरील झोतदिवे तर केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १११ व्या नियमानुसार पूर्वपरवानगीवाचून लावताच येत नाहीत. कर्जत-मुरबाड रस्त्यासारख्या अरुंद रस्त्यावर समोरच्याचे डोळे दिपविणारा दिवा शेवटी आपल्याच अंगावर येतो. परावर्तक पट्ट्या पुढे पांढऱ्या, बाजूंस पिवळ्या व मागे तांबड्या लावाव्यात. त्यांवर गोंडे, नावे किंवा लोंबती ताडपत्री येऊ देऊ नये.

जादा पाटे व हौद्यातील बाकडी

मागच्या चाकांवर जादा पाटे घातले की गाडी बसत नाही, म्हणून ती अधिक माल पेलते असा समज आहे. पाट्यांनी फक्त गाडीची उंची टिकते. आस, चाकांचे बेअरिंग, टायर व ब्रेक होते तेच राहतात. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत किराणा व भाजी वाहणाऱ्या गाड्यांना हा अनुभव उतरताना येतो. चढण इंजिनाची परीक्षा घेते, पण उतार ब्रेकची घेतो, आणि तापलेल्या ब्रेकला आपण किती पाटे घातले आहेत याचे काही वाटत नाही. जड गाडी हलक्या गिअरमध्ये उतरवावी, व पाट्यांना हात लावू नये.

हौद्यात बाकडी बसविणे किंवा कठड्यास धरावयास पाइप लावून माणसे नेणे हे तर सर्वस्वी वर्ज्य मानावे. वीटभट्टीवर, लावणीस किंवा लग्नास जाणारी माणसे पिकअपमध्ये उभी राहून जाताना या भागात नेहमी दिसतात. २००२ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले आहे की, मालगाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशाच्या मृत्यूची अगर दुखापतीची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मालासोबत असेल तर १९९४ च्या दुरुस्तीने त्याला विम्याचे संरक्षण आहे. इतरांची भरपाई गाडीच्या मालकावर येते, आणि ती देण्यासाठी शेत विकण्याची पाळी येऊ शकते. गेलेला माणूस कोणत्याही भरपाईने परत येत नाही, हे वेगळेच. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लावणीच्या हंगामापूर्वी ही गोष्ट गाडीमालकांस व मजुरांच्या मुकादमांस समक्ष सांगावी.

जी साधने बसविली त्यांची किंमत व वर्णन विमा कंपनीस लेखी कळवून पोच घ्यावी. न कळविलेल्या बदलाचे कारण दाखवून दावा अडविला जाऊ शकतो. बसविल्यानंतर पहिल्या शंभर किलोमीटरांनी सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण नवा बोल्ट पहिल्या खडखडाटात थोडा सैल होतोच. पुढे दर महिन्यास, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्यास, पाना घेऊन एक फेरी मारावी. कमानीचे पाय, कड्या व तारांचे सांधे पाहावेत, आणि जेथे रंग उडालेला दिसेल तेथे त्याच दिवशी ब्रश फिरवावा.